दहावा माणूस

पत्र मंगळवारी सकाळी आलं. नॉर्मा हॅस्वेलनं ते दारातच, पायपुसण्यावर उभं राहून फोडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमा कंपनीनं तिच्या गाडीची किंमत केली होती दोन हजार एकशे पन्नास पौंड.

गाडी म्हणजे निळी होंडा जॅझ. बारा वर्षांची, एकसष्ट हजार मैल चाललेली, पण वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली आणि गंजाचा ठिपका नसलेली. ती नॉर्माच्या दारासमोर, हँडब्रेक लावून, आपल्या जागी मुकाट उभी होती. पार्सलवाल्या व्हॅनचा ड्रायव्हर फोनवर घराचा नंबर शोधत मागे आला आणि त्यानं तिला दिव्याच्या खांबावर चेपली. बिचारा रडत होता, चूक माझीच म्हणाला, लिहूनही दिलं. म्हणजे नॉर्माचा गुन्हा इतकाच की तिच्याकडे गाडी होती. दुरुस्तीला किमतीपेक्षा जास्त खर्च येतो, सबब गाडी मोडीत, असं कंपनीनं ठरवलं. आणि किंमत कोणी ठरवली? कंपनीनंच.

नॉर्मा त्रेसष्ट वर्षांची. धंदा केस कापण्याचा, पण दुकान नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्या घरी जाऊन ती केस धुते, कापते, रोलर लावते. हार्टलपूलच्या आसपासच्या खेड्यांत अशा चौदा जणी होत्या. घडीचा ड्रायर, मानेखाली ठेवायचं बेसिन, रोलरच्या दोन पिशव्या, सगळं त्या गाडीच्या डिकीत. हे बोचकं घेऊन बस बदलत कोण फिरेल, आणि त्या खेड्यांत बस तरी किती? गाडी गेली की धंदा गेला, आणि पेन्शनला अजून चार वर्षं होती. गाडी धंद्यासाठी वापरते हे तिनं फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि त्यापायी दरवर्षी चौसष्ट पौंड जास्त भरले होते. कधी एक हप्ता चुकला नव्हता.

तीन दिवस तिनं जाहिराती चाळल्या होत्या. तशी जॅझ साडेतीन हजारांच्या खाली कुठेही नव्हती. दोन हजारांत मिळत होती ती एक लाख तीस हजार मैलांची, मागचं दार दोरीनं बांधलेली. शिवाय पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कंपनीनं तात्पुरती दिलेली भाड्याची गाडी आजपासून सात दिवसांनी परत घेतली जाईल, रक्कम मान्य असो वा नसो. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिनं लगेच फोन लावला. बावीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगी आली आणि ओळख ना पाळख, तिला सरळ नॉर्मा म्हणू लागली. नॉर्मा, तुमच्या भावना मी समजू शकते. नॉर्मा, पण पॉलिसी घेताना गाडीची अंदाजे किंमत तुम्हीच दोन हजार लिहिली होती. नॉर्माला आठवलं. लिहिली होती खरी. तिच्या भागात आपल्या वस्तूची किंमत कोणी विचारली तर माणूस दोन पायऱ्या खालीच सांगतो. ‘काही नाही हो, जुनंच आहे’ असं म्हणायची रीत आहे. फुशारकी मारणाऱ्याला गल्लीत कोणी चहा देत नाही. त्या सभ्यपणाची पावती आता हातात आली होती. तिनं फोन ठेवला नाही, आपटला.

मग तिनं पत्र पुन्हा वाचलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर तिची नजर थबकली. तिथं लिहिलं होतं, ‘आपल्या वाहनाशी आपला जिव्हाळा जडला असेल याची आम्हांस जाणीव आहे, परंतु ही किंमत बाजाराने ठरवलेली आहे, आम्ही नव्हे.’

हे वाक्य तिला पाठ होतं. गेली पंचवीस-तीस वर्षं दर नाताळला, पुडिंग खाऊन झालं की, तिच्याच जेवणाच्या टेबलावर ते म्हटलं जायचं. म्हणायचा क्लाइव्ह, तिची धाकटी बहीण हिलरी हिचा नवरा. याच विमा कंपनीत त्यानं एकतीस वर्षं गाड्यांच्या किमती ठरवल्या होत्या आणि मोठा साहेब होऊन निवृत्त झाला होता. त्याच्यामुळे घरच्यांना वीस पौंडांची सूट मिळायची, म्हणून सगळं खानदान त्याच कंपनीच्या दावणीला. पोर्ट वाइनचा दुसरा पेला झाला की तो उभा राही, छातीवर हात ठेवून पाद्र्यासारखा आवाज काढी आणि ते वाक्य म्हणे. मग म्हणे, ‘हे माझं बाळ आहे. दहातल्या नऊ फायली या एका वाक्यानं मिटतात.’ सगळे हसायचे. नॉर्माही हसायची. तिला आता त्या हसण्याचीच जास्त लाज वाटली.

तिनं क्लाइव्हला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की आकडा वाईट नाही, ताणण्यात अर्थ नाही, पदरी पडलं पवित्र झालं म्हणावं आणि घेऊन टाकावं. त्याच्या आवाजात इतका समजूतदारपणा होता की क्षणभर तिला वाटलं, तो म्हणतो तेच खरं असेल.

पण दुपारी ती गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या शोधायला बसली. डेस, तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. तो स्टीलच्या कारखान्यात होता आणि कागदांच्या बाबतीत भारी शिस्तीचा. घरात आलेल्या प्रत्येक गाडीचे कागद त्यानं एका खोक्यात वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले होते. जॅझच्या पाकिटाखाली जुन्या लाल कॅव्हेलियरचं पाकीट होतं. ती गाडी १९९९ साली एका ट्रकनं अशीच उभ्या जागी ठोकली होती. पाकिटात त्याच कंपनीचं पत्र होतं, सहाशे पन्नास पौंडांचं. तिसरा परिच्छेद अक्षरशः तोच. पत्राच्या कोपऱ्यात डेसच्या बारक्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘क्लाइव्हला विचारलं. घेऊन टाक म्हणतो.’

नॉर्मा खोक्यापाशी जमिनीवरच बसून राहिली. सहाशे पन्नासात तेव्हा धड गाडी मिळाली नव्हती. डेस दोन हिवाळे सायकलनं कामावर गेला, पहाटेच्या पाळीला, समुद्रावरच्या त्या वाऱ्यात. त्याचा उजवा गुडघा गेला तो तिथंच, आणि पुढं जन्मभर तो जिना एकेक पायरी चढला. आणि दर नाताळला क्लाइव्ह छातीवर हात ठेवून उभा राहिला की डेस नेमका तेव्हाच उठायचा, ताटं गोळा करायचा आणि आत भांडी घासायला जायचा. नवरा घरात मदत करतो म्हणून ती चारचौघांत त्याचं कौतुक करायची. ते वाक्य आपल्यावरही चालवलं गेलं हे त्याला माहीत होतं. तिच्या बहिणीचा नवरा म्हणून तो वीस वर्षं गप्प बसला होता आणि तिला एका शब्दानं बोलला नव्हता.

ती रडली नाही. इतक्या रागात रडू येत नाही. दोन्ही पत्रं पिशवीत घालून ती भाड्याच्या गाडीनं थेट यार्मला, क्लाइव्हच्या घरी गेली. हिलरी गायनमंडळाला गेली होती. क्लाइव्ह स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत होता. त्यानं रीतीप्रमाणे किटली लावली. नॉर्मानं कोटही काढला नाही. दोन्ही पत्रं शब्दकोड्यावर ठेवली.

जुनं पत्र त्यानं ओळखलं. पेन्सिलीची ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसू लागला.

“दहातल्या नऊ फायली मिटतात म्हणायचास,” नॉर्मा म्हणाली. “सव्वीस वर्षं आम्ही हसलो आणि एकानंही विचारलं नाही. आता मी विचारते. दहावा काय करायचा?”

“नॉर्मा, हे बघ, तुला वाटतं तसं ते...”

“दहावा काय करायचा, क्लाइव्ह?”

किटली वाजून थांबली. चहा कोणी केला नाही.

“दहावा चिडायचा नाही,” तो शेवटी म्हणाला. “तीन जाहिराती पाठवायचा. तेवढीच जुनी गाडी, तेवढेच मैल, आसपासचीच. तारीख दिसेल अशा. बरोबर सर्व्हिसिंगच्या पावत्या. आणि खाली एक ओळ, की तुमच्या पैशांत अशी गाडी कुठं मिळते ते मला लेखी कळवा, नाहीतर आठ आठवड्यांनी मी तक्रारींच्या लवादाकडे जातो.”

“आणि मग?”

“मग त्याला द्यायचे.”

“किती?”

“पूर्ण. बाजारभाव असेल तो.”

“पण बाजारभाव तर तुम्ही पत्रात लिहिलेलाच असायचा. बाजारानं ठरवलेला.”

क्लाइव्हनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूहळू, ओढून काढल्यासारखं, एकेक बाहेर आलं. प्रत्येक फायलीत आधीपासून दोन आकडे असायचे. एक पत्रात लिहायचा, एक दहाव्याला द्यायचा. फॉर्मवर तुम्ही लिहिलेली किंमत कंपनीवर बांधील नसते, पॉलिसीत बाजारभाव म्हटलेलं असतं. पण फोनवरच्या मुलींना ती आठवण करून द्यायला शिकवलेलं असतं, कारण माणूस ओशाळतो आणि ओशाळला की सही करतो.

“डेसचा दुसरा आकडा किती होता?”

“इतकी वर्षं झाली गं.”

“तू फाइल बघितली होतीस. त्यानं तुला विचारल्यावर तू बघितल्याशिवाय राहणारा नाहीस. किती होता?”

“अकराशे,” क्लाइव्ह म्हणाला.

साडेचारशे पौंड. नॉर्माच्या डोळ्यांपुढं टोपी कानांवर ओढलेला, दारात सायकलची साखळी पुसणारा डेस उभा राहिला. साडेचारशे पौंडांत तो कोरड्या कपड्यांनी घरी आला असता. परक्यानं फसवलं असतं तर वेगळं. इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

क्लाइव्ह सांगत राहिला, की तेव्हा त्याची बढती व्हायची होती, घरच्या माणसाची रक्कम वाढवली असं कोणी म्हटलं असतं तर सगळं बोंबललं असतं. त्यात खोटं काही नसावं. पण नॉर्माला ते ऐकायचं नव्हतं.

“तुला वाढवायला कोण सांगत होतं?” ती म्हणाली. “तो तुझ्याकडे पैसे मागायला आला नव्हता. हा आकडा खरा आहे का एवढंच त्यानं विचारलं. नाही म्हणाला असतास तरी झालं असतं. आणि आज सकाळी तर तुझी कुठलीही बढती व्हायची नव्हती.”

क्लाइव्ह जुन्या पत्राची घडी उलगडून पुन्हा तशीच घालत राहिला. नॉर्मानं पत्रं उचलली आणि निघाली.

घरी येऊन ती लिहायला बसली. न चिडता लिहायचं ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट निघाली. पहिल्या खर्ड्यात चोर हा शब्द तीनदा आला, दुसऱ्यात एकदाच पण ठळक. चौथा खर्डा साबणानं धुतल्यासारखा झाला तेव्हा तिनं तो तीन जाहिराती आणि डेसनं जपलेल्या अकरा पावत्यांसह पाठवला. भाड्याची गाडी सातव्या दिवशी गेली. दोन आठवडे ती बसनं आणि पायी हिंडली, बेसिन पाठीला बांधून, आणि चौदापैकी सहाच जणींपर्यंत पोचली. ब्याण्णव वर्षांच्या मिसेस थर्लबेकचे केस त्या पंधरवड्यात धुवायचे राहून गेले आणि म्हातारीनं त्यासाठी उलट नॉर्माचीच माफी मागितली. नॉर्मानं त्याही माफीचा हिशेब कंपनीच्या नावावर मांडला.

मग एका ओळीचं उत्तर आलं. ‘प्रकरणाचा फेरविचार करून’ तीन हजार पाचशे वीस पौंड तिच्या खात्यात जमा केले होते. माफी नाही, कारण नाही. नॉर्माला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल. तिला फक्त ते नऊ जण आठवत राहिले, ज्यांनी सह्या केल्या होत्या आणि आपण व्यवहार शहाणपणानं केला असं समजून झोपले होते. तिनं डार्लिंग्टनहून एक करडी जॅझ आणली, ड्रायर आणि बेसिन डिकीत घातलं आणि आधी मिसेस थर्लबेककडे गेली.

नाताळचं जेवण दरवर्षीप्रमाणे तिच्याकडेच झालं. हिलरी, क्लाइव्ह, त्यांची दोन मोठी मुलं. टर्की चांगली भाजली गेली होती, कागदी टोप्या सगळ्यांनी घातल्या होत्या. क्लाइव्ह बेतानं बोलत होता; नॉर्मानं ते सोडून दिलं असावं अशी त्यानं मनाशी समजूत करून घेतली होती. पुडिंग संपलं. पोर्टचा दुसरा पेला त्यानं स्वतः घेतला नाही. नॉर्मानं भरून त्याच्यापुढं ठेवला. मग तिनं कपाटातून दोन पत्रं काढली आणि कस्टर्डच्या भांड्याशेजारी मांडली.

“म्हण,” ती म्हणाली. “दरवर्षी म्हणतोस तसं. उभा राहून.”

हिलरी हसत म्हणाली की हो, हो, त्याशिवाय नाताळ कसला. तिला काहीच माहीत नव्हतं. मग तिनं पत्रं पाहिली, दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या, डेसचं अक्षर पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

क्लाइव्ह उभा राहिला. छातीवर हात नेला नाही. वाक्य त्यानं म्हटलं, पण साध्या आवाजात, कागदाकडे न बघता, आणि ते संपल्यावर कोणी हसलं नाही. मुलानं कागदी टोपी काढून टेबलावर ठेवली.

क्लाइव्हनं मान खाली घालून समोरची ताटली उचलली. मग हिलरीची, मग मुलांच्या. ताटल्या एकावर एक रचून तो स्वयंपाकघराकडे वळला.

“ठेव ती,” नॉर्मा म्हणाली. “उठून जायचं काम डेसचं होतं. तू बसायचं.”

क्लाइव्हनं ताटल्या खाली ठेवल्या आणि तो खुर्चीत बसला.