काडतुसं उघडणारा हातोडा

मी हातोडा बोलतोय. खिळे ठोकणाऱ्यांपैकी नव्हे, ते घराणं वेगळं. माझं डोकं हिरव्या प्लॅस्टिकचं आहे आणि आतून पोकळ आहे. यावर कोणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

नेमबाजीचा छंद असलेली काही माणसं आपली काडतुसं घरीच भरतात. पितळी पुंगळीत दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. हे करताना चूक झाली, तर ते काडतूस माझ्या डोक्यात अडकवतात आणि मला लाकडी ठोकळ्यावर आपटतात. दोन-तीन ठोक्यांत गोळी निसटते, दारू माझ्या पोटात म्हणजे डोक्यातच सांडते, आणि झालेली चूक मोकळी होते. डच लोक मला कोखलट्रेकर म्हणतात, म्हणजे गोळी खेचणारा. थोडक्यात, मी लोकांच्या चुका निस्तरतो. त्यामुळे मला कोणी हॉलमध्ये मांडून ठेवत नाही.

जन्माविषयी सांगण्यासारखं काही नाही. साच्यातून निघालो, खोक्यात गेलो. दुकानात मात्र बरंच शिकलो. डच लोकांच्या ग्रोनिंगन गावातल्या एका दुकानात मी दोन वर्षं भिंतीवर टांगलेला होतो. गिऱ्हाईक यायचं, तराजू घ्यायचं, गोळी दाबायचं यंत्र घ्यायचं, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचं, "हे नको. मी काळजीपूर्वक काम करतो." दोन वर्षांत मला चुकणारा एकही माणूस भेटला नाही. ग्रोनिंगन हे इतकं निर्दोष गाव आहे.

शेवटी मला वीबेने विकत घेतलं. वीबे चौऱ्याहत्तर वर्षांचा. कालव्यावरचा पूल वर-खाली करायची नोकरी त्याने जन्मभर केली आणि आता तो नेमबाजीच्या क्लबात नवख्यांना शिकवतो. त्याने मला स्वतःसाठी घेतलं नव्हतं. शलाकासाठी घेतलं होतं.

शलाका नाशिकची. नवरा सुदर्शन इथल्या विद्यापीठात संशोधनाला आला, त्याच्या मागोमाग ही आली. पहिली तीन वर्षं घरात बसून वैतागली. मग डच शिकली, आणि दुधाचे नमुने तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. तिथे ती दिवसभर वजनं करते. लॅबमधल्या एकीने तिला क्लबात नेलं आणि ही तिथलीच झाली. वर्षभर हजेऱ्या भरल्या, परवाना मिळवला, पोलिसांनी घरी येऊन कुलपाचं कपाट ओढून पाहिलं. मग वीबेच्या शेडमध्ये बसून ती काडतुसं भरायला शिकली.

एके दिवशी वीबे तिच्याकडे सफरचंदाचा केक आणि मला घेऊन आला.

"हे कशाला?" शलाका म्हणाली. "मी दिवसभर वजनंच करते वीबे. माझी वजनात चूक होत नाही."

"छान," वीबे म्हणाला. "मग याच्यावर धूळ बसेल."

मला सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं गेलं, जुन्या चार्जरांच्या सोबत. धूळ बसली.

ऑक्टोबरात शलाकाच्या सासूबाई तिथे होत्या. शामलाबाई. तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि परतीचं विमान दसऱ्यानंतरच्या सोमवारी होतं. चांगल्या बाई, पण हाताला काम लागतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांनी घरातले सगळे डबे घासून संपवले होते.

खंडे नवमीला त्यांनी शस्त्रपूजा काढली. आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये शस्त्रं कुठून आणणार? पण सून नेमबाज! बाईंना मनापासून आनंद झाला. रायफल कपाटातच राहिली, कारण ती अशी पाटावर मांडायची नसते हे शलाकाने तीनदा सांगितलं. मग दाबायचं यंत्र आलं, माप घ्यायची पट्टी आली, दांडीचा छोटा तराजू आला. नारळ फोडायला काही मिळेना म्हणून बाईंनी ड्रॉवर उपसून मला काढलं. मी नारळावर चार वेळा आपटलो. नारळाला काहीही झालं नाही.

"कसला गं हा हातोडा?" बाई म्हणाल्या.

"तो चुकलं तर दुरुस्त करायला असतो, आई."

"मग त्याची पूजा कशाला? चुकूच नये माणसाने." आणि मी परत ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर नीट लागत नाही, त्यामुळे पुढचं सगळं मला फटीतून दिसलं.

तराजूला बाईंनी प्रेमाने हळदकुंकू लावलं. पाण्यात कालवलेलं, चांगलं ठसठशीत, दांडीच्या टोकाला. त्यावर अक्षता वाहिल्या. त्यातला तांदळाचा एक दाणा कुंकवात रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्त चांगला म्हणून शलाकाने स्वतःची पहिली पन्नास काडतुसं त्या सकाळी भरायला घेतली. तोपर्यंत जे काही भरलं होतं ते वीबे शेजारी बसलेला असताना. रविवारी दुपारी क्लबात स्पर्धा होती आणि तिथे तिला स्वतःच्या हातची काडतुसं वापरायची होती.

आता नियम असा, की सुरुवात करण्याआधी तराजू शून्यावर आहे ना ते बघायचं. तिने आदल्या दिवशी बघितलं होतं, पूजेच्या आधी. सकाळी तिची नजर त्या कुंकवावर गेली. कपडा हातात घेतला. सासूबाई समोरच बसल्या होत्या, कौतुकाने बघत. पूजेचं कुंकू त्यांच्या देखत कसं पुसायचं? तिने कपडा खाली ठेवला. लॅबमध्ये कोणी असं केलं असतं तर हिने त्याला फैलावर घेतलं असतं. पण लॅबमध्ये सासू नसते.

पन्नास काडतुसं तयार झाली. पन्नास भोकांच्या डबीत एकेक उभं केलं, बोट ठेवून मोजलं. पितळ असं चमकत होतं की मलाही क्षणभर बरं वाटलं. शामलाबाई दोनदा म्हणाल्या, "हे सगळं तू केलंस? स्वतः?" शलाका साबणाने हात धुऊन आली, बोलता बोलता झाकण लावलं आणि डबी कपाटात कुलूपबंद केली.

रविवारी सकाळी ती तराजू झाकून ठेवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. कुंकू वाळून त्याचा पोपडा पडला होता. तांदळाचा दाणा टेबलावर होता. दांडी शून्यावर नव्हती.

दांडीच्या त्या टोकाला वजन वाढलं की दुसरीकडे दारू जास्त घातली जाते. दारू जास्त झाली की रायफलीत दाब वाढतो, आणि रायफल गालाला टेकवलेली असते. एवढं सांगितलं तरी पुरे. बरं, काही काडतुसं ठीक आणि काही वाईट असंही म्हणता येईना, कारण दाणा पाचव्याला पडला की पंचेचाळिसाव्याला, देव जाणे.

"किती जास्त असेल?" सुदर्शनने विचारलं.

"थोडीच. पण कळत नाही."

"मग चालून जाईल की! एवढ्याने काय होतंय?"

सुदर्शन मातीवर संशोधन करतो. मातीत बरंच काही चालून जातं.

शलाकाने वीबेला फोन लावला. तिने फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवला होता म्हणून ऐकू आलं. वीबे म्हणाला, "शंका असेल ते उघड."

"सगळी?"

"शंका कितींवर आहे?"

"सगळ्यांवर."

"मग मला कशाला विचारतेस?"

आणि ड्रॉवर उघडला. तिने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. मी खोटं बोलणार नाही, मला आनंद झाला. दुसऱ्याच्या चुकीचा आनंद होऊ नये हे मला कळतं, पण माझं पोट त्यावरच आहे.

"काय झालं गं?" शामलाबाई बाहेर आल्या.

"काही नाही आई, माझंच जरा चुकलं. परत उघडावी लागणार," असं म्हणत शलाकाने टेबलावरचा दाणा तळव्याखाली घेतला. पण बाईंची नजर कसली! बत्तीस वर्षं निवडटिपण केलेली बाई, एक दाणा तिच्या नजरेतून सुटेल?

"तो माझा आहे," त्या म्हणाल्या.

"आई, शून्य बघायचं काम माझं होतं. तुमचा काही संबंध नाही."

हे खरंच होतं. पण बाई खुर्चीत बसल्या त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "माझ्या हळदकुंकवाने तुझ्या डोळ्याला काही झालं असतं तर कुठे तोंड दाखवलं असतं मी?" त्यांचा आवाज फुटला. शलाकाही रडली. सुदर्शन चहा टाकायला गेला. या घरात ते त्याचं ठरलेलं काम आहे.

मग आम्ही कामाला लागलो. ठक, ठक, ठक. गोळी एका वाटीत, दारू दुसऱ्या डब्यात, पुंगळी वेगळी. एका काडतुसाला तीन ठोके. पंधराव्या काडतुसाला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या. त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं की आज रविवार आहे. इथे रविवारी ठोकाठोक करणं म्हणजे आपल्याकडे सुतकात सनई लावण्यासारखं. सुदर्शनने डचमध्ये माफी मागितली, बाईंनी त्यांच्या हातात करंज्यांची बशी दिली, आणि आम्ही ठोकळ्याखाली तीन सतरंज्या घातल्या.

चाळिसाव्याला माझ्या डोक्यावरच्या, काडतूस धरून ठेवणाऱ्या टोपणाला चीर गेली. मी ठोके देत राहिलो.

एक वाजता एकोणपन्नासावं उघडलं. शलाकाने डबीकडे हात नेला. डबी रिकामी होती.

"पन्नास होती," ती म्हणाली.

"एकोणपन्नासच भरली असशील," सुदर्शन म्हणाला. "ऊठ आता. जेवून घे, स्पर्धेला विकतची घेऊन जा. तीनला पोचायचंय ना?"

"मी बोट ठेवून मोजली होती. पन्नास होती."

तिने सोफ्याखाली पाहिलं, यंत्राखाली पाहिलं, केरसुणीने कपाटामागचं ओढलं. जास्त दारूचं एक जिवंत काडतूस घरात कुठेतरी पडलेलं आणि ते कुठे हे माहीत नाही. "ते मिळेपर्यंत मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. सुदर्शनने घड्याळाकडे पाहिलं. बाई केव्हापासून पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

मग बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. त्यांची मोठी बॅग शुक्रवारीच भरून, काट्यावर चढवून, बरोबर तेवीस किलो करून, पट्टा आवळून ठेवलेली होती. पट्टा सुटल्याचा आवाज आला. चेन उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात हिरवं ब्लाउजपीस होतं, घडी घातलेलं. त्यांनी ते टेबलावर उलगडलं. आत पन्नासावं काडतूस.

सुदर्शन आधी भानावर आला. "आई! हे तू विमानात नेणार होतीस?"

"मोठ्या बॅगेत होतं. हातातल्या नाही," बाई म्हणाल्या.

"आई, अटक केली असती! इथे नाही तर मुंबईत. तुला कळतंय का?"

"मला काय ठाऊक? तू हात धुवायला गेलीस तेव्हा घेतलं," बाई शलाकाकडे बघत म्हणाल्या. "अगं, सगळे विचारतात, सून काय करते. मी सांगते, दूध तपासते. त्यात दाखवायचं काय? हे तुझ्या हातचं होतं. एवढं लखलखीत. देवापाशी ठेवलं असतं, आल्यागेल्याला दाखवलं असतं."

शलाका त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाच्या नऊ वर्षांत सासूबाईंना आपलं काही लोकांना दाखवावंसं वाटतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि तेही अटक व्हायची वेळ आली तेव्हा. तिने बाईंना जवळ घेतलं. मग काडतूस माझ्या डोक्यात अडकवलं आणि मला बाईंच्या हातात दिलं.

"हे तुम्ही उघडा."

बाईंच्या मनगटात जोर नाही. शलाकाला तीन ठोके लागायचे, बाईंना अकरा लागले. अकराव्याला गोळी निसटली. शलाका मोठ्याने म्हणाली, "पन्नास."

स्पर्धेला ती गेली नाही. अडीच वाजता वीबेला तसं कळवलं. त्याने विचारलं, "किती उघडलीस?" पन्नास म्हटल्यावर तो "बरं" म्हणाला. वीबेकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

सोमवारी बाई गेल्या. मंगळवारी त्यांचा नाशिकहून फोन आला. शलाकाने तो स्पीकरवर टाकला होता.

"पोचले गं सुखरूप. मुंबईला बॅग उघडायला लावली. सगळं बाहेर काढलं. एकेक घडी उलगडून झटकली, ते ब्लाउजपीससुद्धा."

"सापडलं काय?" तिने हळूच विचारलं.

"काय सापडणार? करंज्या."

आता मी ड्रॉवरमध्ये नसतो. तराजूच्या शेजारी खुंटीवर असतो. टोपणाची चीर वाढते आहे. अजून साठ-सत्तर ठोके निघतील, मग माझी जागा नवा घेईल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्यांच्याच हातून चुका होतात, ग्रोनिंगनमध्येसुद्धा. माझं सांगणं एवढंच, की उघडायला बसलात तर जेवण निवतंय, वेळ होतोय, घरचे ऊठ म्हणताहेत म्हणून एकोणपन्नासावर उठू नका.