कड तुटलेलं नाणं

वहिनींनी पाकीट उलटं केलं, तसं नाणं घरंगळत टेबलाच्या टोकापर्यंत आलं. त्याने ते तळहाताने अडवलं.

“टाकसाळीतून पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “जुन्या चौकशांची कपाटं रिकामी करतायत म्हणे. भावजी, एकदा परत बघता का?”

नाण्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा गेलेला होता. एकवीस वर्षांत तो ती कड विसरला नव्हता. त्याचा थोरला भाऊ, दादा, टाकसाळीत शेवटच्या तपासणीला होता. हे नाणं बाजारात सापडलं आणि चौकशी बसली. बाहेर कुणी ते कापलं असेल तर प्रश्नच नव्हता. पण तसंच छापलं गेलं असेल, तर दादानेच ते मुद्दाम बाहेर सोडलं असणार, असा साहेबांचा संशय होता. नाण्यांचा जाणकार म्हणून तेव्हा याचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. “माझ्या भावालाच विचारा,” असं दादा स्वतः म्हणाला. आणि सख्ख्या भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हा शहाणा इतका ताठ राहिला, की दहा मिनिटांत लिहून मोकळा झाला: छपाईतलाच दोष. दादाची नोकरी गेली. पुढे तो एका गोदामावर पहारा करायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही. दोन महिन्यांपूर्वी तो वारला.

त्याने दिवा जवळ ओढला आणि भिंग डोळ्याला लावलं.

“सावकाश बघा,” वहिनी म्हणाल्या. “आज काही घाई नाही.”

कड आधीच तुटलेली असेल, तर छापताना धातू त्या मोकळ्या जागेकडे ओढला जातो आणि तिथली अक्षरं लांबट, पुसट होतात. इथलं अक्षर चांगलं ठसठशीत होतं आणि अर्ध्यावर सरळ कापलेलं होतं. कापल्यावर कानस फिरवल्याच्या बारीक रेघाही होत्या. नवशिक्यालाही दिसल्या असत्या. दादाने काहीच केलं नव्हतं, आणि त्याच्या आयुष्याची माती करणारा कागद याच्या हातचा होता. भिंग खाली ठेवायला त्याने बराच वेळ लावला.

“काय दिसतं?”

“तेच,” तो म्हणाला. “छपाईतलाच दोष आहे, वहिनी.”

वहिनींनी मान हलवली. नाणं उचलून पाकिटात टाकलं आणि पाकिटाची दुमड बोटाने दोनदा दाबली.

“यांना तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “चौकशीत समोरच ठेवलं होतं ना. घरी येऊन म्हणाले, कानस मारलीय, नुसत्या डोळ्यांना दिसतेय.”

“मग दादा बोलला का नाही?”

“म्हणाले, धाकट्याचा पहिलाच सरकारी निकाल आहे, तो खोटा पडला तर त्याला परत कोण विचारणार. मी खूप भांडले. शेवटी मलाही शपथ घातली.”

वहिनींनी पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी गेल्या.

“मग आज कशाला आलात?” त्याने कसंबसं विचारलं.

“ते गेले ना आता. म्हटलं, तुम्ही खरं सांगाल.”

आणि त्या जिना उतरू लागल्या.