शाळेच्या अंगनातली मेढ

लोकं म्हनतात, रंभानं शाळा सोडली. खोटं हाये. शाळेनंच मले शेन झेलाले लावलं.

आमच्या शाळेचं अंगन तळहातासारखं सपाट. पोराईले खेळाले म्हनून नाई. दिवाळी झाली का गुणवंतराव पाटलाचं धान तिथी चुराले येते. मधात लाकडाची मेढ गाडतात, मेढीले बैलं बांधतात, बैलं गोल गोल फिरतात अना पायाखाली धान चुरते. बैलाच्या मांगं कोन? शाळेतले पोट्टे. फुकटचे. बैलानं शेपूट उचललं का तनसाची मूठ घेऊन धावाचं, शेन वरच्यावर झेलाचं, धानावर पडू द्याचं नाई. मी चौथीत होती. गुनाकार येत होता मले, अना मी शेन झेलून राह्यली होती. एक दिवस ती भरली मूठ गुणवंतरावाच्या जोड्यापाशी आपटली अना घरी निंगून गेली. तवापासून शाळेचं तोंड पाह्यलं नाई.

औंदा माहा लहान भाऊ इसरू पयलीत बसला. पाटी नाचवत आला. मोठ्या बहिनीले तो बाईच म्हनते. म्हने, "बाई, मी लिवाले शिकून राह्यलो."

मी मनात म्हटलं, लीव बाबू. दिवाळीपर्यंत लीव.

मले राग आला का हात सुरसुरतात. पावसाळा सरत आला होता, माती नरम होती. शाळेले सुट्टी पाहून मी कुदळ घेतली अना भर दुपारी अंगन खंदाले लागली. सपाट राह्यलं तं खळं होते. खड्डे अना नाल्या केल्या तं बैलं कुठी फिरतात, पाहतोच.

दुसऱ्या दिवशी पोट्टे जमले. जंगलटोल्यावरची मंगली हासली, "काय वो रंभे, कोनाचा मुर्दा पुरून राह्यली?"

"गुणवंतरावाच्या खळ्याचा."

झिंगूनं गंमत म्हनून विहिरीचं बादलीभर पानी खड्ड्यात सोडलं. पानी माह्या नालीतून वाकडंतिकडं धावलं, तं इसरू वरडला, "वैनगंगा! वैनगंगा!" मंग काय! एकानं गोटा ठेवला, ही आरमोरी. मी खंदलेल्या मातीचा ढीग होता, त्यावर झिंगूनं सागाच्या काड्या खोसल्या, हा धानोऱ्याचा डोंगर. मंगली म्हने, मारकंड्याच्या देवळापाशी वैनगंगा उलटी फिरते, उत्तरेले वाहते, मी जत्रेत पाह्यलं. पन आमचं पानी काही उलटं फिरेना. पोट्टे चिखलात लोळून लोळून बांध घालत होते.

तेवढ्यात सोमाजी गुरुजी छडी घेऊन भाईर आले. नवीन मास्तर, काडीवानी बारीक, गुणवंतरावाचं नाव निंगालं तरी भेवून उठून उभे राह्यनारे.

"कोनी केलं हे?"

"मी केलं. मारा."

गुरुजीनं मारलं नाई. पान्याकडं पाहत राह्यले. मंग धोतर खोचलं अना छडीनं माती थोडी खरवडली. पानी थबकलं, वळलं, उलटं निंगालं. पोराईनं असा कालवा केला का झाडावरचे बगळे उडाले. गुरुजीनं इचारलं, "आता सांगा, उत्तर दिशा कोनती?" सगळ्याईनं पानी जाते तिकडं हात केला. फळ्यावरची उत्तर आजवर कोनालेच सापडली नव्हती.

त्या दिवसापासून शाळा अंगनातच भरू लागली. कोपऱ्यात पोराईनं धानाच्या वावरावानी चौकोनी बांध्या पाडल्या, त्याच्यावर गुरुजी हिशोब शिकवत. मी कुंपनावर बसून आयकत होती. कामच काय होतं मले?

दिवाळी झाली. धानाच्या गाड्या आल्या. पुढं गुणवंतराव. मालगुजारी सरकारनं काढून नेली, पन त्याच्या मिशा नेल्या नाई.

"हे काय उकरलं बे? पोट्टेहो, बुजवा!"

कोनी हाललं नाई.

"मास्तर, सांगा याईले. नाई तं तुमची बदली सिरोंच्याले करतो."

गुरुजी सवयीनं उठून उभे राह्यले. पन बोलले, "करा पाटीलसाहेब. सिरोंच्यालेही पोरं असतीलच."

गुणवंतरावानं आपल्या गड्याले, सुकलूले, फावडं देल्लं. सुकलू ढिगाऱ्यापाशी गेला, तं वर त्याचाच पोरगा झिंगू उभा.

"बा, हा धानोऱ्याचा डोंगर हाये. मीच केला."

सुकलूनं फावडं खाली ठेवलं. "मालक, कमर धरली माही."

"तुह्या कमरेच्या!" गुणवंतराव तापला. दुसऱ्या गड्याईले कामाले लावलं, खड्डे वरवर बुजवले अना भर मधात मेढ गाडली. पेंढ्या पसरल्या, बैलं जुंपली. पयलाच बैल चार पावलं गेला अना त्याचा पाय वैनगंगेत फसला. दावं ताटलं, सगळीच बैलं अडली. अना अडल्या बैलानं शेपूट उचललं.

"धरा बे! शेन धरा!"

इसरूनं माह्याकडं पाह्यलं. त्याचा हात तनसाकडं गेला.

मी कुंपनावरून उडी मारली. "इसरू! पाटी धर."

त्यानं पाटी छातीशी धरली. बाकीच्याईनंही आपापली पाटी धरली. अना शेन धपकन पडलं, पिवळ्याजरद धानावर.

"रंभे, तुह्या बापाले सांगतो!"

"सांगा. पन आधी शेन उचला. येत नसन तं शिकवतो मी. तुमच्याच खळ्यात शिकली."

सुकलूच पयले हासला. मंग गाडीवाले हासले. गुणवंतरावानं बैलं सोडवली, गाड्या आपल्या वावराकडं फिरवल्या. रागाच्या भरात मेढ तिथीच राह्यली.

बापानं मले बदडलं. बदडू दे. गुरुजीच्या बदलीचा कागद येईन का नाई, कोनाले माहीत नाई. दुसऱ्या दिवशी मेढ नेवाले मानूस आला, तं पोराईनं मेढीले दोर बांधले होते अना लोंबकळून गरगर फिरून राह्यले होते. बैलाईसारखे, पन हासत. ते पाहून मानूस रिकाम्या हातानं गेला.

गुरुजी म्हने, "रंभा, आत येऊन बस. चौथी पुरी कर."

"आत नाई बसत. फळा भाईर आना."

"फळा लय जड हाये वो."

"मंग एक बाजू मी धरतो."