मागच्या सीटची डावी बाजू

नकाशा आणला होता मास्तरांनी, पण त्यावर बोट फिरत होतं व्याह्यांचं.

रविवारची दुपार. लेकीच्या घरी जेवणं झाली, टेबल पुसलं गेलं आणि त्यावर नकाशा पसरला गेला. डोंगरातलं ते राष्ट्रीय उद्यान हिरव्या रंगात होतं आणि त्याच्या मधोमध नखाएवढं निळं तळं. या तळ्याचं वेड नातीला लावलं ते मास्तरांनी. वाचनालयातून पुस्तकं आणून ते तिला चित्रं दाखवत, कड्याच्या टोकावर उभ्या राहणाऱ्या रानबकऱ्या खाली का पडत नाहीत ते समजावून सांगत. शाळेला सुट्टी लागली की गाडीने तिथे जायचं, हे आधी त्या दोघांचं ठरलं होतं. मग जावयाने रजा काढली, लेकीने काढली, आणि तेवढ्यात कुणाला तरी सुचलं की व्याह्यांनाही घेऊ या.

व्याही म्हणजे जावयाचे वडील. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती, आणि त्यातली कित्येक वर्षं नेमकी याच डोंगराच्या रस्त्याने. मास्तरांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांनी नातीला दुसरं एखादं तळं दाखवलं असतं.

मास्तरांनी वाचून वाचून उत्तरेकडचं फाटक नक्की केलं होतं. व्याह्यांनी ते एका वाक्यात मोडीत काढलं. त्या बाजूला दुपारनंतर दगड घसरतात, पुढे मालट्रक लागला की त्याच्या मागे रांगत जावं लागतं. त्यापेक्षा दक्षिणेकडून जावं, रस्ता लांबचा पण वळणं रुंद, वाटेत पाण्याचा झरा आहे, तिथे इंजिनही थंड होतं आणि माणसंही. फाटकाच्या अलीकडे मुक्काम करायचा आणि उजाडताच आत शिरायचं, कारण ऊन वर आलं की जनावरं दिसत नाहीत. जावई मान डोलावत होता. लेकसुद्धा. मास्तर म्हणाले, पुस्तकात तर उत्तरेचा रस्ता सुंदर म्हटलाय. त्यावर व्याही हसून म्हणाले की सुंदर आहेच हो, पण पुस्तक लिहिणाऱ्याला गाडी वळवावी लागत नाही ना.

सगळे हसले. मास्तरही हसले, पण ते हसू त्यांना गालावर डिंक लावून चिकटवल्यासारखं वाटलं. नात मघापर्यंत त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर बसली होती. ती केव्हा उठली आणि व्याह्यांच्या खांद्यावर रेलून नकाशा बघायला लागली, ते त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा खुर्चीची दांडी गार झाली होती.

मग बसायचं कुणी कुठे, हे निघालं. जावयाने नुकतीच एक जुनी, मोठी गाडी घेतली होती. पुढे दोघं, ती नवराबायको आलटूनपालटून चालवणार. मधे दोन सुट्या खुर्च्या, त्यातली एक सामानाला जाणार. आणि अगदी मागे दोघांपुरती एक सीट, जिच्या आधीच्या मालकाच्या कुत्र्याने चिंध्या केल्या होत्या. नातीने मागची सीट आधीच आपल्या नावावर करून टाकली होती. तिथे गुहेत बसल्यासारखं वाटतं म्हणे. तिच्या शेजारी कोण, हे विचारायची गरज मास्तरांना वाटली नव्हती.

"माझ्याजवळ बसआजोबा," नात म्हणाली. "कुठलं वळण कधी येणार ते त्यांना पाठ आहे. आधीच सांगितलं की मला मळमळणार नाही."

"आणि दुकानआजोबा?" लेकीने विचारलं.

"ते मधे बसतील. सामान सांभाळायला कुणीतरी हवंच ना."

लेकीने बापाकडे पाहिलं. तिला काय दिसलं कुणास ठाऊक, ती घाईघाईने म्हणाली, "बाबा, मागची सीट तेवढी करून द्याल ना? तुमच्या हातची असली की काळजी नाही."

मास्तर म्हणाले, देतो की.

गाड्यांच्या सीटा करायचं त्यांचं छोटंसं दुकान होतं. गल्लीत, बाजारात, सगळे त्यांना मास्तर म्हणत. बोलणं कमी, वाचणं जास्त. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्यांच्या रिळांबरोबर एखादं पुस्तक असायचंच. बायको गेल्यापासून त्यांचा जीव त्या एका नातीत होता आणि आता तिच्या शेजारच्या जागेवर त्यांनी स्वतःच्या हातांनी दुसऱ्यासाठी गादी घालायची होती. सीट उतरवून त्यांनी फळ्यांवर ठेवली, जुनं रेक्झिन सोलून काढलं, आणि उघड्या पडलेल्या स्प्रिंगांकडे बराच वेळ बघत बसले.

उजवी बाजू नातीची. ती करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. दुकानातला सगळ्यात मऊ फोम काढला, एकावर एक थर दिले, कडा गोल केल्या, वरून हात फिरवून पाहिला. लोण्यात बोट बुडावं तसा हात आत गेला. त्यांना फार बरं वाटलं.

मग डावी बाजू.

माणूस दुकानात शिरला की त्याच्या चालण्यावरून मास्तरांना त्याची पाठ कळायची. व्याह्यांची तर त्यांनी लग्नातच ओळखली होती. बस चालवून चालवून त्यांची कंबर डावीकडे खचली होती. उठताना ते टेबलाला हात लावत आणि लगेच काहीतरी विनोद करत, म्हणजे कुणाचं तिकडे लक्ष जाऊ नये. अशा कंबरेला मागून टेकू लागतो आणि बैठक मागे किंचित खोल लागते. मास्तरांनी नेमकं उलटं केलं. टेकू दिलाच नाही. पुढची कड खाली घेतली आणि मागच्या बाजूला घट्ट दाबलेल्या काथ्याची उशी भरली. बसताक्षणी काहीच कळणार नाही. पण गाडी चालू लागली की माणूस हळूहळू पुढे घसरणार, कंबर अधांतरी राहणार, आणि डोंगर लागायच्या आत त्याला मधल्या खुर्चीची आठवण होणार. वरून त्यांनी असं काही रेक्झिन ताणलं की दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या दिसाव्यात. इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते बघून त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. तरी टाके उसवले नाहीत.

गाडी पाहून सगळ्यांनी वाहवा केली. व्याह्यांनी सुचवलं की एवढ्या लांब जायच्या आधी एक तालीम करावी. गावाबाहेरच्या टेकडीवर गाडी चढवून आणावी, ब्रेक कळतील, पोरीचं पोटही कळेल. पुढच्या रविवारी निघाले.

मास्तर मधल्या खुर्चीवर सामानाऐवजी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसले होते. मागून व्याह्यांचा आवाज येत होता. आता डावीकडे वळणार, आता लांब उजवं, आता जरा पोटात गोळा येईल बघ. नात खिदळत होती. मास्तर कान टवकारून एका गोष्टीची वाट बघत होते, पण व्याही जागचे हलेनात, कण्हेनात. उलट मोठ्याने म्हणाले, "मास्तर, गादी काय केलीय. आमच्या सरकारी लोखंडावर जन्म गेला, म्हातारपणी ही चैन."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. हा माणूस टोमणा मारतोय की खरंच बोलतोय, हे त्यांना ठरवता येईना.

टेकडी अर्धी चढून झाली आणि मागचं खिदळणं थांबलं. जावयाने गाडी बाजूला घेईपर्यंत नातीने व्हायचं ते करून टाकलं होतं, निम्मं खिडकीबाहेर आणि निम्मं व्याह्यांच्या शर्टावर.

रस्त्याकडेच्या कठड्यावर तिला बसवलं. चेहरा पांढराफटक. लेक तिचं तोंड पुसत होती आणि नवऱ्याला हळू आवाजात सांगत होती की जाऊ दे, नकोच जायला. या एवढ्याशा टेकडीवर ही गत, तर तिथे दिवसभर वळणंच वळणं आहेत. पुढच्या वर्षी बघू, जरा मोठी होऊ दे. जावयाने मान डोलावली.

खरं सांगायचं तर क्षणभर मास्तरांना गार वाटलं. जायचंच नाही, तर शेजारी बसायचा प्रश्नच मिटला. व्याही आपले वळणं पाठ करत घरी बसतील.

मग नातीने विचारलं, "मग तळं?" आणि लेक नुसती तिचे केस सावरत राहिली, तेव्हा पोर आवाज न करता रडायला लागली. आवाज न करता रडायची तिची सवय मास्तरांच्या बायकोची होती.

मास्तर गाडीपाशी गेले. मागच्या सीटच्या उजव्या बाजूवर त्यांनी हाताचा भार दिला आणि सोडला. सीट खाली गेली, वर आली, आणि वर आल्यावरही थोडा वेळ डुलत राहिली. मायेच्या भरात केलेली चूक त्यांना हाताला कळली. एवढ्या मऊ फोमवर हलकं पोर म्हणजे पाण्यावरचा भोपळा. गाडी एकदा वळली की ते चार वेळा हलणार. कुणा गिऱ्हाइकासाठी त्यांनी हे कधी केलं नसतं.

"तिला डावीकडे बसवा," ते म्हणाले. "उजवी सीट झुलते. डावी हलत नाही."

"दोन्ही सारख्या नाहीत?" जावयाने विचारलं.

"नाहीत. डावीकडचा भराव घट्ट आहे."

"तसा का केलात?" लेक म्हणाली. तिने सहज विचारलं होतं.

व्याही शर्ट पुसण्यात गर्क होते, फारच गर्क होते. "चुकून लागला," मास्तर म्हणाले.

परत येताना नात डावीकडे बसली. हलक्या अंगाला घसरण बाधत नव्हती, पाय समोर टेकवून ती घट्ट बसली आणि सारी उतरण सुखरूप पार पडली. घर येईपर्यंत तिने पुन्हा तळ्याचं काढलं होतं आणि जाण्याचं पक्कं झालं होतं. शेजारी व्याहीच होते. फरक इतकाच की ते आता मास्तरांच्या लोण्यासारख्या गादीवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सीट पुन्हा दुकानात आली. मास्तर टाके उसवत असताना व्याही दारात उभे राहिले. इकडून चाललो होतो म्हणाले, पण त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. स्टुलावर बसताना त्यांनी मशीनला हात टेकवला. आतला काथ्या उघडाच पडला होता. तो झाकायला मास्तरांना वेळ मिळाला नाही.

मास्तर म्हणाले, "चुकून नव्हतं ते."

"पहिल्याच वळणाला कळलं मला," व्याही म्हणाले. "सीटवर जन्म काढलाय मी."

"मग बोलला का नाहीत? मधे येऊन बसायचं होतंत."

"आणि तिच्याजवळची जागा सोडायची? तुम्हाला? मास्तर, घरी जाऊन दोन दिवस आडवं पडावं लागलं असतं तरी तिथून हललो नसतो. तुम्ही तर काथ्याच भरलात. तुमच्या जागी मी असतो तर खिळे ठोकले असते. घरी आली की तिचं आपलं एकच, दुकानआजोबांनी हे पुस्तक दिलं, दुकानआजोबा असं म्हणाले. ऐकून ऐकून कान किटले माझे."

मास्तरांना हे ऐकून जो आनंद झाला तो लपवायला त्यांना खाली वाकून सुई शोधावी लागली.

त्यांनी काथ्या उपटून फेकला. नातीच्या बाजूला बेताचा, न डुलणारा फोम घातला. मग सीट जमिनीवर ठेवून व्याह्यांना उरलेल्या बाजूवर बसायला सांगितलं, स्वतः मागे गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या कंबरेवर तळहात ठेवला.

"इथे?"

"जरा खाली. डावीकडे."

मास्तरांनी फोमची पट्टी कापली, सरकवली, पुन्हा कापली. व्याह्यांनी एकदा श्वास सोडला तेव्हा मास्तरांना कळलं की पट्टी बसली. हा टेकू पार डोंगरापर्यंत पुरेल. हा माणूस आता अजिबात उठणार नाही, नातीला सगळी वळणं सांगणार, आणि आपण मधे बसून बाटल्या धरणार. ते त्यांना ढळढळीत दिसत होतं आणि आतून टोचतही होतं. तरी त्यांनी रेक्झिन ताणलं आणि पहिला टाका घातला.

"येताना तिच्याजवळ मी बसणार," ते म्हणाले.

"येताना ती झोपलेली असते," व्याही म्हणाले.

"झोपलेली चालेल."