चौथ्या गिअरमधली कौसल्या

निवृत्ती काशीदची बायको कौसल्या तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, आणि तेव्हापासून ती त्याच्या ट्रकच्या चौथ्या गिअरमध्ये असायची. पहिला, दुसरा, तिसरा टाकेपर्यंत शेजारची सीट रिकामी. चौथा पडला की कौसल्या बसलेली, पाय वर घेऊन, ओच्यातल्या शेंगा फोडत. चौथा काढला की ती नाही आणि टरफलंही नाहीत. रोज मरे त्याला कोण रडे, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! बार्शी ते लातूर एका खेपेत कौसल्या चाळीस वेळा जायची आणि निवृत्तीला चाळीसही वेळा तेवढंच वाईट वाटायचं. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून चौथा टाकला तर ती येत नसे. ते त्यानं पहिल्याच वर्षी करून पाहिलं होतं.

गाडी जुनी, पुढं नाक असलेली, चार गिअरची. चौथ्यात गिअरपेटी अशी कण्हायची की कौसल्येचं बोलणं ऐकू येत नसे. तिचा आवाज मुळात बारीक. मग निवृत्तीला एक युक्ती सापडली. डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवला की कण्हणं दबायचं. पाय टेकवून तो तीन वर्षं तिचं ऐकत राहिला. शेजारणीची म्हैस, धाकट्या बहिणीचं स्थळ, वाटणाच्या पाट्याला टाकी लावायची राहिलीय, असलंच सगळं. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये, प्लेट जळते, हे स्टिअरिंग धरायच्या आधी शिकवतात. निवृत्तीनं स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माघातल्या एका सकाळी फरशी भरून तो कळंबला निघाला आणि चौथा टाकताना पेटी खर्रर्र वाजली. कौसल्या आली ती पाठमोरी. ती कशीबशी वळली, बोलायला लागली, पण ओठ नुसतेच हलत राहिले. इंजिन ओरडत होतं आणि गाडीला काही वेग येत नव्हता. मग दांडा आपोआप उडून न्यूट्रलला आला आणि ती तोंड उघडलेलं असतानाच नाहीशी झाली. निवृत्ती तिथूनच मागं फिरला आणि यासीन मिस्त्रींच्या गॅरेजला आला.

यासीन मिस्त्री सत्तरीचे. बार्शीत जुन्या गाड्या आता तेवढेच खोलायचे.

"बोलणं तुटतंय, का नुसतं ऐकू येत न्हाई?" त्यांनी हात पुसत विचारलं.

"दोन्ही."

"तुटतंय म्हंजे गिअर सुटतोय. ऐकू येत न्हाई म्हंजे प्लेट गेली. पाय ठिवून चालवत हुतास का?"

मिस्त्रींनी पॅडल हातानं दाबून पाहिलं, किती सैल आहे ते बघितलं, खालचा रॉड आवळला. मग चाकांना दगड लावले आणि हँडब्रेक ओढायला सांगितला. "चौथा टाक, रेस दे अन् क्लच सोड. प्लेट धड असंल तर इंजिन गचका खाऊन बंद पडंल."

इंजिन बंद पडलं नाही. सीटवर कौसल्या आली, पण इतकी पातळ की तिच्यातून पलीकडचं दार दिसत होतं. ती दोघांकडे बघत भराभर बोलत होती. मिस्त्रींनी खिडकीशी जाऊन डोईवरची टोपी नीट केली, कान पुढं केला आणि बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणत्यात वहिनी, काय बी पोचत न्हाई," ते म्हणाले. "बंद कर. त्यास्नी तरास हुतोय."

दुपारी गिअरपेटी खाली उतरली. चौथ्याचे दात म्हाताऱ्या बैलाच्या दातांसारखे झिजले होते. नवा गिअर मिळणार नव्हता, ही पेटी बनायची केव्हाच थांबली होती.

"दुसऱ्या गाडीची बसवा की, मिस्त्री."

"हाय एक." मिस्त्रींनी त्याला मागं नेऊन ताडपत्रीखालची पेटी दाखवली. "पर हिच्या चौथ्यात एक म्हातारा असतो. सारखा खोकतो."

"कुणाचा?"

"मालकानं इचारलंच न्हाई. पेटी टाकली अन् गेला."

निवृत्ती तिथंच टायरवर बसला आणि मोठ्यानं रडला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढंच त्याला पुन्हापुन्हा वाटत होतं. तिचं ऐकायला पाय ठेवला आणि त्याच पायानं तिला जाळली. मिस्त्रींनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "प्लेट नवी टाकतो. आवाज साफ येईल. गिअर जुनाच घासून बसवतो. पर येक ध्यानात ठेव. चौथा आता येकदाच बसंल. सुटला की सुटला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढताना निवृत्तीनं ठरवलं होतं, कुर्डूवाडीकडे जायचं. फरशी गेली खड्ड्यात. तिकडं रस्ता सपाट, चौथा काढावाच लागणार नाही. तो पश्चिमेला वळला. पहिलाच मैलाचा दगड आला, येरमाळा तेवीस. तो परत फिरला, परांड्याचा रस्ता धरला. येरमाळा तेवीस. त्या दिवशी सगळे रस्ते येरमाळ्याच्या घाटाकडे जात होते, आणि रस्त्याला लागलेली माणसं मुकाट चालली होती. त्यानं तिसऱ्यात होईल तेवढं अंतर काढलं. पण सपाटी संपत आली होती, आणि चढाला चौथा पडणार नव्हता. शेवटी त्यानं क्लच दाबला, डोळे मिटले आणि चौथा टाकला.

लोण्यात सुरी गेल्यासारखा गिअर पडला.

"अगं बाई, किती शांत चालतीया गाडी," कौसल्या म्हणाली.

निवृत्तीनं डावा पाय उचलून मांडीखाली घेतला आणि जेवायला बसल्यासारखा त्यावर बसला, म्हणजे सवयीनंही तो क्लचवर जायला नको. शेंगा फुटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. त्याला इतकं सुख झालं की काय विचारावं ते सुचेना.

"जेवलास का?" असं तिनंच विचारलं. आजवर ती त्याला अहोजाहो करायची. "वाळलायस."

"जेवतो की."

"खोटं."

पांगरीच्या गतिरोधकांवरून तो तसाच गेला. मागं फरशा कडाकडा फुटल्या, माणसं शिव्या देत बाजूला पळाली. पुढं डोंगर दिसायला लागला. पहिल्या चढाला गाडी जड झाली. दुसऱ्या वळणावर इंजिन धडधडायला लागलं, दार, काच, सीट सगळं थरथरायला लागलं. काटा तीसवर आला, मग वीसवर.

"गिअर उतरव," कौसल्या म्हणाली.

"न्हाई."

"गाडी मागं जाईल."

"जाऊ दे."

"मागं जीप हाय. येडाईच्या दर्शनाला निघालीत. लेकुरवाळ्या बाया हायेत."

निवृत्तीनं आरशात पाहिलं. जीप अगदी टेकून होती, तिला वाट काढायला जागा नव्हती. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं बस, रस्ता खालपर्यंत भरला होता. काटा दहावर आला. एक म्हातारी काठी टेकत शेजारून पुढं गेली. त्यानं दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला आणि पाय मांडीखाली आणखी घट्ट दाबला.

"कौसल्या, मला जमायचं न्हाई गं," तो म्हणाला.

तिनं ओच्यातल्या शेंगा खाली झटकल्या. सीटवरून पुढं सरकली, आपला पाय लांब करून क्लचवर ठेवला, हात त्याच्या हातांवर ठेवला, आणि दांडा ढकलायला लागली.