तलावातल्या रोहूंचा अंदाज

रिंकू सातवीत होती. उर्वशी मॅडम दर शनिवारी गणिताची कोडी घालायच्या. तिघांपैकी एकच खरं बोलतो, तर आंबा कोणी खाल्ला, अशी. रिंकूला उत्तर यायचं, पण ते वहीच्या मागच्या पानावरच राहायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मॅडमनी सर्वेक्षण शिकवलं. शाळेत तीनशे मुलं. त्यांतल्या तीस जणांना विचारलं, तर बारा जणांना कबड्डी आवडते. मग साऱ्या शाळेत किती? "एकशे वीस!" वर्ग ओरडला. तेवढ्यात रिंकूच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ज्यायले इचारता येत नाही त्यायचं काय? मासोळ्यायचं?"

पोरं खो-खो हसली. मॅडम मात्र खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. थोडे मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. दहात एक खुणेचा निघाला, तर खूण केलेल्यांच्या दहापट मासे पाण्यात आहेत असं समजायचं.

रिंकूचे वडील आसाराम गावच्या तलावावर मासेमारी करायचे. मच्छीमार सोसायटीनं पावसाळ्यात रोहूची दोन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. एप्रिलात पाणी उतरलं की दीड हजार तरी मासे निघतील, असं अध्यक्ष सेवकराम छातीठोक सांगायचे.

"मासोळ्या काय रांगेत उभ्या राहतात मोजाले?" रिंकूनं घरी ही युक्ती सांगितल्यावर आसाराम हसून म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी कैची घेऊन तेच पुढं निघाले. घाटापाशी साठ रोहू पकडले, शेपटाचं टोक जरासं कापलं आणि तिथंच सोडून दिले.

तीन दिवसांनी त्याच घाटावर जाळं टाकलं. चाळीस मासे आले, त्यांत चोवीस खुणेचे. चाळिसांत चोवीस खुणेचे, तर साठ खुणेचे कितींत? रिंकूनं तलावाच्या पाळीवर बसून आकडेमोड केली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, शंभरच निघून राहिले."

"आसाराम, तुह्या पोरीनं तर सारा तलावच रिकामा केला!" घाटावर आलेले सेवकराम पोट धरून हसले.

त्या संध्याकाळी रिंकू नीट जेवली नाही. माय बेबीबाई दोनदा विचारून गेली. रिंकू वही पुढ्यात घेऊन बसली होती. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, मग चुकलं कुठं? कबड्डीच्या मैदानावरच उभं राहून कबड्डी कोणाला आवडते असं विचारलं तर? ती ताडकन उठली.

"बाबा, आपण एकाच कोपऱ्याले इचारलं! सोडलेल्या मासोळ्या अजून घाटापाशीच हायेत. त्या साऱ्या पाण्यात पांगू द्या."

आसारामांनी विचारलं, "मंग कवा टाकू जाळं?"

"पंधरा दिवसांनी. चारी बाजूले."

पंधरा दिवसांनी बापलेकींनी पहाटेपासून दुपारपर्यंत चारी बाजू पालथ्या घातल्या. पन्नास मासे मिळाले. त्यांत खुणेचे सहा. म्हणजे तलावात पाचशे.

आता आसाराम हसले नाहीत. दोन हजारांतले दीड हजार रोहू असे कुठं गेले? ते थेट सांडव्याकडं गेले. जादा पाणी जिथून वाहून जातं तिथं लावलेली जाळी एका बाजूनं उसवलेली होती, माणूस डोकं घालेल एवढी. पावसाळ्यात बोटुकली तिथूनच निसटली होती.

एप्रिलात पाणी उतरल्यावर तलावातले सगळे मासे काढले. सेवकरामांनी स्वतः दोनदा मोजले. पाचशे चौतीस.

"चौतीसचा फरक काहून?" त्यांनी रिंकूला विचारलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तो अंदाज होता, काका. मोजणी नोहे. थोडा इकडं-तिकडं होते."

सेवकरामांनी मान डोलावली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी पडाच्या आधी नवी जाळी बसवू. दोहेरी. अन् बोटुकली सोडली का दर दोन महिन्यांनी असाच अंदाज काढू. कैची मी आणतो, पन हिशेब हे पोरगीच करन."

आसाराम माशांच्या ढिगाकडं वळले. मोठ्यातला मोठा रोहू उचलून त्यांनी रिंकूच्या हातात दिला. तो इतका जड होता की तिला दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागला, आणि तसाच धरून ती घरी गेली.