लोखंडाचं बाळ

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी नवापासून रांग लागे. त्या रांगेत सगळ्यात कमी जागा व्यापणारी मंडळी सगळ्यात जास्त आवाज करत. जिना, गॅलरी, पाण्याच्या पिंपाजवळचा कोपरा, जिथे पाहाल तिथे झोपेला मुकलेल्या आया, त्यांच्या मागे पिशव्या धरून उभे असलेले बाप, आणि त्या दोघांना "जरा दम धरा" म्हणणाऱ्या, पण स्वतः पुढे घुसणाऱ्या आज्या.

रांगेच्या टोकाला टेबलामागे दूधआई बसे. पूर्वी ती काय करत होती कुणाला ठाऊक नव्हतं. बोलण्यावरून तरी दारोदार पंखे विकत असावी. टेबलावर लाल आकड्यांचा काटा, काट्यावर जांभळ्या मखमलीची जाडजूड दुलई. बाळाला दुलईवर ठेवायचं. बाळाच्या तोंडावर रुमाल, कारण उघड्या तोंडाने आकड्याला नजर लागते. मग दूधआई आकडा गाऊन सांगे, आई बाळाला घेऊन पडद्याआड जाई, आणि ती पंधरा मिनिटं पाजत असताना इकडे दूधआई दुलई उचलून दिव्याच्या उबेवर धरे. म्हणजे दुलईत कृपा भरते. आई परतली की बाळाला त्याच दुलईत गुंडाळून पुन्हा काट्यावर.

"तीन किलो होतं... आणि आता तीन किलो तीनशे ब्याण्णव!"

हॉलमध्ये हुंदका फुटे. आज्या डोळ्यांना पदर लावत.

"दूध आटलेलं नव्हतं गं पोरी, रुसलेलं होतं," दूधआई म्हणे. "तुझ्या दूधनाडीला पीळ पडलाय. घरी सारखं सारखं पाजू नकोस, दूध पातळ पडतं. दिवसातून तीनदा. मधल्या वेळेत माझ्या वड्या, आणि उद्या पुन्हा दर्शन."

हे तीन किलो तीनशे ब्याण्णववालं बाळ काटेवाल्याचं होतं, हीच खरी गंमत. कारण काटेवाल्याचा धंदाच मुळी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्याचा. हा माणूस आकड्यावर सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. मुलगी झाली तेव्हा "तीन किलो दोनशे" ऐकल्यावर पेढ्याची भाषा करण्याआधी त्याने सुईणीला विचारलं होतं, "काटा शेवटचा कधी तपासलाय?"

पण अठरा दिवसांत माणसाचं काय होतं ते अठरा दिवस न झोपलेल्यालाच विचारावं. लेक पाजायला घेतली की रडे, सोडली की रडे, म्हणून घरात तिला हट्टी म्हणत. बायकोच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, सगळे उपाय झाले, आता तिच्याकडे चला." हा गेला, आणि तो आकडा पाहून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आकड्याकडे पुरावा मागितला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो लंगोट वाळत घालायला गेला आणि दोरीपाशीच थबकला.

"अगं, कालपासून तीनच लंगोट ओले?"

"बरंच आहे की. धुणं कमी."

"रोज तिच्या पोटात पावशेराच्या वर माल जातोय. मग बाहेर का येत नाही? गेला कुठे?"

"बाळ आहे ते. गोदाम नव्हे."

तो कामाचा काटा घरी घेऊन आला. आधी वजनं ठेवून तपासला, मग लेकीला ठेवलं. दोन किलो नऊशे साठ. जन्मली तेव्हापेक्षा पाव किलोने कमी.

"दवाखान्यात जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"तुमचाच काटा बिघडलाय!" बायकोचा आवाज चिरकला. "काल तर माझ्या दुधाने एवढी भरली! कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं हो, की माझं दूध आहे. तेही काढून घेताय?"

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "कृपेचं वजन घरी येईतो उतरतं म्हणे. दूधआई सांगत होती."

"कृपा काय बर्फ आहे, वाटेत वितळायला?" काटेवाला म्हणाला. मग तो बायकोशेजारी बसला. "हे बघ. तीन दिवस मी रांगेत सगळ्यांचे आकडे ऐकतोय. दोन किलोचं किडमिडं पोर असो की साडेचार किलोचा पहिलवान, तीनशे ऐंशीच्या खाली कोणी पीतच नाही. एक काम करू. आज जाताना बाळ दुसरं नेऊ. लोखंडाचं. त्याचं वजन वाढलं, तर तू माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर मी दूधआईच्या वड्या खाईन. आयुष्यभर."

बायकोला हसू आलं. तीन आठवड्यांतलं पहिलं. सासूबाई मात्र पुटपुटल्या, "पाप लागेल हो."

"अर्धं माझ्या नावावर लिहा, सासूबाई."

आधी लेकीला पाजलं. मग दोन किलोचं एक आणि एक किलोचं एक अशी बिडाची वजनं दुपट्यात निजली, सभोवती कापूस, वर टोपडं, तोंडाच्या जागी रुमाल. कापूस कमीजास्त करून त्याने गाठोडं बरोब्बर तीन किलो दोनशेवर आणलं. हात-पाय नसले तरी बाळ मोठं गुणी होतं. वाटेत अजिबात रडलं नाही. खरी लेक सासूबाईंच्या खांद्यावर, दोन पावलं मागे.

"तीन किलो दोनशे!" दूधआईने गाऊन सांगितलं, आणि कालचा आकडा आठवून तिला भरून आलं. "बघा, बघा! कालची कृपा घरी टिकली! अशी श्रद्धा हवी!"

बायको गाठोडं घेऊन पडद्याआड गेली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी एक आजी डोकावली. बाई लोखंड छातीशी धरून गाढ झोपली होती. तिला हलवून आणलं. दुलई आली, गाठोडं तिच्यात गेलं, काट्यावर चढलं.

"तीन किलो पाचशे ऐंशी! किती प्यायलं लेकरू!"

"प्यायलं खरं," काटेवाला म्हणाला. "आता ढेकर काढतो त्याची."

त्याने दुलई सोडली, टोपडं काढलं आणि टेबलावर ठण्णकन वजनं ठेवली. रांगेतल्या आज्या बघायला पुढे घुसल्या.

दूधआईचा पंखे विकण्याचा सराव कामी आला. "श्रद्धा असेल तर लोखंडालाही दूध पचतं!"

"पचू दे. आता दुलईला पाजू." त्याने काटा रिकामा केला, शून्यावर आणला आणि नुसती दुलई ठेवली. लाल आकड्यांत उमटलं: तीनशे ऐंशी. "पहिल्या वेळी दुलई आधी ठेवून मग काटा शून्य करायचा, म्हणजे दुलईचं वजन धरलं जात नाही. दुसऱ्या वेळी काटा रिकामा असताना शून्य करायचा, आणि दुलई बाळाबरोबर चढवायची. एवढीच कृपा. भाजीवाल्याने हे केलं तर आपण त्याची टोपली उलटी करू."

दूधआई वड्यांचा डबा काखेत मारून मागच्या जिन्याकडे सरकू लागली. पण बायको तिच्याकडे पाहतच नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"अहो, पहिल्या दिवशी आपली तीनशे ब्याण्णवने वाढली होती ना? त्यातली तीनशे ऐंशी दुलई." तिने आईच्या खांद्यावरच्या लेकीकडे पाहिलं. "म्हणजे पोटात बाराच ग्रॅम गेलं."

लेक रडू लागली. या वेळी तिला कोणीही हट्टी म्हटलं नाही.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. तिथे नर्सबाई रोज अकराला पाजणाऱ्या आयांसाठी बसत. पाटी होती, चार खुर्च्या होत्या, उशा होत्या, फुकट होतं. फक्त दिवा नव्हता, म्हणून गर्दीही नव्हती. त्या दिवशी मात्र काटेवाल्याच्या मागून सहा आया आल्या.

नर्सबाईंनी लेकीला तपासलं. मग अंगावरच्या कपड्यांसकट तिचं वजन केलं, पाजायला दिलं आणि त्याच कपड्यांत पुन्हा वजन केलं. चौदा ग्रॅम.

"माझ्यातच कमी आहे ना?" बायकोने विचारलं.

"पकडीत कमी आहे. नुसतं टोक तोंडात घेते, म्हणून तुला चिरा आणि तिला उपास. वाकू नकोस, मागे टेक. तिचं पोट तुझ्या पोटाला. नाक स्तनाग्रासमोर. थांब, मोठा आ करू दे... हं, आता जवळ घे. हनुवटी रुतली पाहिजे."

खोलीत गिळण्याचा आवाज आला. बारीक, पण एकामागून एक. बायकोने दात आवळून धरले होते, ते हळूहळू सुटले.

"दुखत नाहीये," ती म्हणाली.

वजन केलं. सेहेचाळीस ग्रॅम. काटेवाला या खेपेलाही रडला, पण आधी काटा शून्यावर होता याची खात्री करूनच.

"दिवसातून तीनदा म्हणे!" नर्सबाई उसळल्या. "अगं, जितकं ओढेल तितकं तयार होतं. आठ-दहा-बारा वेळा, मागेल तेव्हा पाज. परवा पुन्हा वजनाला आण. डॉक्टरांनाही दाखवून जा. काही दिवस वरचं दूध लागलंच तर तेही देऊ, त्यात हार-जीत नाही. आणि तुम्ही हो, काटेवाले? लंगोट, ढेकर, स्वयंपाक, आणि हिची दुपारची झोप. हे तुमच्या अंगावर."

सासूबाईंनी मान खाली घातली होती. नर्सबाईंनी त्यांच्या हाती उशी दिली. "आजीबाई, ती पुढची पोर एकटी आलीय. तिच्या पाठीशी ही लावा बघू."

वाचकहो, दमलेला माणूस फसतो यात त्याची लाज नाही. त्याच्या दमण्यावर दुकान मांडणाऱ्याची आहे. म्हणून कोणी आकडा दाखवला तर तो कसा मोजला ते विचारा, आणि मोजणाऱ्याला राग आला तर पोराला उचलून बाहेर पडा. बाळ दिवसात किती लंगोट ओले करतं ते पाहा. तुमच्या गल्लीजवळ अशी नर्सबाई कुठे बसते, किती वाजता बसते, हे बाळ व्हायच्या आधीच विचारून ठेवा. आणि शेजारच्या घरात नवं बाळ आलं असेल, तर सल्ला न देता तिथे जा, भांडी घासून या, आणि त्या आईला तासभर झोपू द्या.